सगुणाची खोली आणि माझं नाक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मालकांना नाही, पोरांना नाही. माझी आई गेली तेव्हा तीन दिवस तिच्या उशाशी बसून होते, दोनदा तोंडाशी आलं — तिलाही नाही. देवाला सांगितलं म्हणायची एक सोय असते बघा, पण तेही खोटं होईल. देवळात गेले की मी पोरांचं मागते, पावसाचं मागते, म्हशीचं सुद्धा मागते, आणि हे एवढं सोडून सगळं बोलते. मग तुम्हालाच का सांगते आहे? ते माझं मलाही नीट कळलेलं नाही. तुम्ही बसलाय, मी बसलेय, तर ऐका.

सुरुवात माझ्या नाकापासून करते. हसू नका.

चिंचवडात माझ्या नाकाचा दरारा होता. खोटं नाही सांगत. कुणाच्या घरी तूप कढवलं की वाटीत थोडं घेऊन बाया माझ्याकडे यायच्या — हौसावहिनी, बघा बरं, बेरी जळली का? कणगीत सोंडे पडलेत का, हे मी कणगी न उघडता सांगायची. दूध नासायच्या आधी मला कळायचं. गावातल्या झाडून साऱ्या बाया मशेरी लावायच्या, त्यांची नाकं त्यातच बधिर झालेली. मी मशेरीला कधी बोट लावलं नाही. मला माझ्या नाकाचा फार ताठा होता. रूप बेताचं, माहेर बेताचं, मग माणसानं ताठा करायचा तरी कशाचा?

आणि या नाकानंच माझा घात केला. म्हणजे — नाही, तसं नाही म्हणायचं मला. नाकाचं काय चुकलं? नाकानं जे होतं तेच सांगितलं. खोटं बोलली ती जीभ. पण थांबा, मी फार पुढे गेले.

आमचं घर गावातच, नदीपासून हाकेच्या अंतरावर. दोघे भाऊ. थोरले आमचे मालक, धाकटे माझे दीर. वाटण्या झाल्या तेव्हा पुढचं घर आम्हाला आलं आणि अंगणापलीकडची एक खोली नि तिला लागून पडवी दिरांना गेली. त्या खोलीचं एक दार गल्लीत उघडायचं, ते पुढे फार महत्त्वाचं ठरलं. वाटणीला वर्ष होतंय न होतंय तोवर दीर तापानं गेले. मागे सगुणा राहिली, माझी धाकटी जाऊ, पंचविशीची सुद्धा नसेल, आणि पाच-सहा वर्षांची तिची पोर, शेवंता. दिरांच्या मागोमाग आत्याबाईंच्या अंगावरून वारं गेलं. आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. उजवी बाजू पार गेली, जागेवरून हलणं नाही.

पहिल्यांदा त्या आमच्याकडेच होत्या. थोरल्याकडेच असायला पाहिजे ना? बारा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली होती. त्यांची बोलणी खाल्ली, त्यांच्या पायाला तेल चोळलं, दोन नातू मांडीवर दिले. मला वाटायचं, आता म्हातारी माझी. आता तिला कळेल कोण कामाचं ते.

पण तो वास — कसं सांगू? अंथरुणात सगळं व्हायचं. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. वरून निर्गुडीचं तेल. मी उंबऱ्यातून आत पाऊल टाकायची आणि आतडी वर यायची. मी पदर नाकाला लावायची. मुद्दाम नाही. हात आपोआप जायचा. असं चार-सहा दिवस चाललं असेल. एक दिवस मी पेजेची वाटी घेऊन गेले, पदर नाकाला तसाच. म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटत नव्हते नीट, पण हे चांगलं फुटलं. म्हणाली, "तू नगं येऊ. तिला धाड."

तिला. नावसुद्धा घ्यायची गरज नव्हती.

त्याच दिवशी आत्याबाईंची बाज अंगणातून पलीकडे गेली, सगुणाच्या खोलीत. आणि पुढची दोन वर्षं ती पोरगी त्या खोलीत राहिली, झोपली, जेवली. तिनं नाकाला पदर लावलेला मी एकदाही बघितला नाही. मी बघायला जायची, हो, मुद्दाम बघायला जायची. गल्लीच्या दारातून काहीतरी निमित्त काढून. वाटायचं, आज सापडेल. आज नाक मुरडताना दिसेल. ती जखमा धुवायची आणि म्हातारीशी गप्पा मारायची, चाकणच्या बाजारात कांद्याला काय चाललंय त्याच्या. म्हातारी त्या वाकड्या तोंडानं हसायची. माझ्यासमोर बारा वर्षांत ती किती वेळा हसली असेल? मी मोजलं नाही, पण मोजायला एका हाताची बोटं पुरली असती.

पोटात दुखायचं माझ्या. सरळ सांगते. याला दुसरा चांगला शब्द शोधायचा तर शोधता येईल, पण मी जळत होते, हेच खरं.

पौषात आत्याबाई गेल्या. शेवटचं पाणी सगुणाच्या हातचं प्याल्या. दहा दिवस माणसं भेटायला येत होती, मी चहा देत होते, आणि कानावर एकच — सून असावी तर सगुणासारखी. पोटच्या लेकीनं केलं नसतं. मी कपबशा उचलायची नि ऐकायची. एक बाई तर माझ्याच हातचा चहा पिऊन माझ्याच तोंडावर म्हणाली, थोरलीला काही जमलं नाही बाई ते. मालक बाजूलाच बसलेले. त्यांनी मान खाली घातली. ते माझ्या बाजूनं एक शब्द बोलले असते तर? बोलायला काही नव्हतंच म्हणा त्यांच्याकडे.

तेराव्याला सगुणाचा भाऊ खेडहून आला. बहिणीला न्यायला आला होता. त्याच्या घरी गोठ्यात आठ जनावरं, बायको सदा आजारी, त्याला बहीण कशासाठी हवी होती ते कळायला फार अक्कल लागत नव्हती. सगुणालाही कळत होतं. आमचे मालक म्हणाले, आमच्यातच जेव, एका घराला दोन माणसं जड नाहीत. सगुणा म्हणाली नाही. कुणाच्या ताटात यायचं नाही, भावाच्या नाही नि थोरल्यांच्याही नाही. "माजी खोली हाय," म्हणाली, "ती मला पोसंल."

आता त्या दिवसांची गोष्ट सांगायला हवी. पिंपरीला औषधांची मोठी कंपनी सुरू झाली होती. कुठून कुठून माणसं कामाला यायची, साताऱ्याची, सोलापूरची, कोकणातली, आणि खोली मिळेना म्हणून गावभर विचारत हिंडायची. ज्यांच्याकडे गल्लीत उघडणारं दार असलेली खोली, त्यांचं नशीब उघडलं. सगुणाचा बेत सोपा होता. स्वतः शेवंताला घेऊन पडवीत राहायचं, खोली भाड्यानं द्यायची. पोरीची शाळा सुटायची नाही. खेडला गेली असती तर पोर जनावरांमागे गेली असती आणि पुढे कुणाच्याही गळ्यात बांधून वाटेला लावली असती, हे सगळ्यांना दिसत होतं. भावानं अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत दिली. तोवर भाडेकरू आला तर राहा, नाहीतर गाडी घेऊन येतो.

अडचण एकच होती. वास.

माघात पहिलं गिऱ्हाईक आलं. कदम मिस्त्री, कंपनीतला, सोलापूरकडचा, आणि त्याची बायको. सगुणानं खोली झाडून, दोनदा सारवून ठेवली होती. तिला वाटलं झालं. तिचं नाक दोन वर्षं त्या वासात राहून मेलं होतं ना. शेवंताचंही तसंच. कदमाची बायको उंबऱ्यावर आली, तिनं पदर नाकाला लावला आणि तशीच मागे फिरली.  सगुणा दारात झाडू घेऊन उभी. तिचं तोंड मी बघितलं.

आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. कुणीतरी पदर लावला. मी एकटीच नव्हे.

त्या संध्याकाळी सगुणा माझ्याकडे आली. म्हणाली, "जाऊबाई, माजं नाक मेलंय. तुमीच सांगा. तुमी व्हय म्हणंस्तोवर मी दार कुणाला उघडायची न्हाई." त्या कदमाच्या बायकोचा पदर तिच्या मनात रुतला होता. पुन्हा तसं कुणी दारातून फिरलेलं तिला सोसलं नसतं. दुसऱ्या कुणाला विचारायचं तर बाया साऱ्या मशेरीवाल्या, बाप्ये तंबाखूवाले. राहता राहिले मी.

वास बघायची माझी एक रीत होती. खोली रात्रभर बंद ठेवायची. सकाळी उपाशीपोटी, कांद्या-लसणाला हात लावायच्या आधी, दार उघडायचं आणि उंबऱ्यावर उभं राहून एकच श्वास घ्यायचा. पहिला श्वास खरा. दुसऱ्यापासून नाक सवयीला लागतं आणि समजूत काढायला लागतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती अगदी शाळेतल्या पोरासारखी ऐकत होती.

तिनं काय काय केलं सांगू? आधी जमीन हातभर खणून काढली. शेणामातीच्या जमिनीनं दोन वर्षं सगळं पिऊन घेतलेलं, ते वरून सारवून कसं जाईल? ती माती पाटीनं गावाबाहेर टाकली. नदीकाठची नवी माती आणली, शंभरेक पाट्या असतील, डोक्यावरून. चोपणं घेऊन चोपली. मग मला बोलावलं. मी उंबऱ्यावर उभी राहिले, श्वास घेतला, आणि म्हटलं, "भिंतीत हाय." होता. तेव्हा होता, ते खोटं नाही. तिनं भिंतींचे पापुद्रे विळ्यानं खरवडले, कळीच्या चुन्याचे दोन हात दिले. तिची बोटं चुन्यानं खाल्ली. छताचे वासे राखेनं घासले, रिठ्याच्या पाण्यानं पुसले. पुन्हा मला बोलावलं. मी म्हटलं, "कोपऱ्यात थोडा हाय, बाजेच्या बाजूला." तेही खरं होतं. तिनं कोपऱ्यांत कोळशाच्या पाट्या ठेवल्या. दार-खिडकी लिंपून आत गंधक जाळलं, दुसऱ्या दिवशी कडुनिंबाचा पाला नि ऊद. मग वाळ्याच्या मुळ्या भिजवून त्या पाण्यानं सारवलं. चैत्र लागला होता. तिसऱ्यांदा मला बोलावलं.

आदल्या संध्याकाळी आमचे मालक जेवताना म्हणाले होते, "सगुणानं खोलीचं देऊळ केलं." भाकरी मी वाढली होती. कालवण मी केलं होतं. त्या ताटावर बसून, माझ्यासमोर. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तर ती सकाळ. उन्हं अजून अंगणात उतरली नव्हती. सगुणानं दार उघडलं आणि बाजूला झाली, पदराला हात पुसत. मी उंबऱ्यावर उभी राहिले. डोळे मिटले. श्वास घेतला.

ओली माती. चुना. त्यामागे, अगदी थोडा, वाळा.

बस्स. मी थांबले. म्हातारीला शोधत राहिले. कुठेतरी असेल, वाशात, उंबऱ्याच्या फटीत — मला ती हवी होती तिथे, कळतंय ना? पण ती नव्हती. गेली होती. दोन वर्षांचं सगळं त्या पोरीनं एकटीनं धुऊन टाकलं होतं. मी ज्या वासाला हरले होते त्या वासाला ती दुसऱ्यांदा जिंकली होती. आता कदमाची बायको येईल, खोली भाड्यानं जाईल, सगुणा पडवीत मानानं राहील, आणि गाव म्हणेल — काय म्हणेल ते मला पाठ होतं.

मी डोळे उघडले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, "अजून येतोय गं."

इतकं सोपं असतं ते. तुम्हाला वाटेल हात कापला असेल, छाती धडधडली असेल. काही नाही. ती "बरं" म्हणाली आणि आत कुदळ आणायला गेली.

त्यानंतर तिनं जमीन दुसऱ्यांदा खणली. मी अंगणात पापड वाळत घालत होते, कुदळीचे घाव मोजत. चार दिवसांनी पुन्हा बोलावलं. पुन्हा मी श्वास घेतला, पुन्हा तेच सांगितलं. तिनं विचारलं, मग कशात असेल हो? मला कशातच नाही हे माहीत होतं. मी इकडेतिकडे बघितलं. खोलीत एकच वस्तू उरली होती, बाज. दिरांनी स्वतः घडवून विणलेली, लग्नाच्या वर्षी, त्यावरच पुढे आत्याबाई दोन वर्षं होत्या. सगुणानं सुंभ नवा घातला होता, पण लाकूड दिरांच्या हातचं. मी म्हटलं, बाजेत असेल. तिनं अंगणात ती बाज कुऱ्हाडीनं फोडली आणि पाणी तापवायला चुलीखाली घातली. आठवणीला बाजेचा एक खूर, एक पाय तेवढा शिल्लक ठेवू का असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, वास लाकडात मुरतो बाई. तोही गेला.

तुम्ही म्हणाल, बस की आता. मीही मनात म्हणत होते. रोज सकाळी म्हणायची, आज सांगते गेला म्हणून. पण जितके दिवस उलटले तितकं अवघड झालं. आज गेला म्हटलं तर काल कसा होता? आणि खरं सांगायचं तर नुसतं तेवढंही नव्हतं. ती रोज माझ्या दारी येत होती. माझ्या तोंडाकडे बघत होती. आत्याबाईंच्या खोलीचं काहीतरी शेवटी माझ्या हातात होतं. ते मला सोडवेना.

मध्येच कदमाची बायको नदीवर भेटली. चांगली बाई होती, बिचारीला अजून धड जागा मिळाली नव्हती, तीन बिऱ्हाडं एका घरात कोंबलेली. तिनं विचारलं, त्या खोलीचं काय झालं वहिनी? मी धुणं आपटत राहिले. म्हटलं, "न्हाई गेला बाई. आता काय जाणारबी न्हाई."

एवढंच सांगून थांबले तर तुम्हाला वाटेल कबुली संपली. मलाही इथेच थांबायचं होतं. पण हे नव्हे ते. हे सांगताना माझी जीभ अडलेली नाही, बघितलंत ना तुम्ही.

अक्षय्य तृतीयेला आठ दिवस उरले होते. त्या सकाळी मी उंबऱ्यावर उभी राहून तेच सांगितलं. खोलीत आता काहीच नव्हतं. चार भिंती आणि जमीन. खणायला, जाळायला, धुवायला काही उरलं नव्हतं. सगुणा भिंतीला टेकली. चुन्यानं सोललेले हात पोटाशी धरून. मग ती हळूच म्हणाली, म्हणजे इतकं हळू की मला वाकावं लागलं —

"जाऊबाई, माज्याच अंगाला तर येत न्हाई ना वास?"

आता सांगा. कितीसं लागतं? "येडी का काय तू" म्हणायचं. हसायचं. पाठीवर हात ठेवायचा. शत्रूसुद्धा एवढं बोलला असता. माझ्या मनात आलं होतं, शपथ घेऊन सांगते, आलं होतं. पण त्याच्या आधी दुसरं आलं. पेजेची वाटी घेऊन मी उंबऱ्यावर आहे आणि म्हातारी म्हणतेय, तू नगं येऊ.

मी मागे सरकले. एक पाऊल. आणि पदर नाकापाशी नेला.

आणि म्हटलं, "आसंल."

तिच्या अंगाला वास येत नव्हता हो. शिकेकाईचा येत होता. घामाचा, चुन्याचा. कष्टाळू बाईच्या अंगाला येतो तेवढाच.

भाऊ यायच्या आधीच तिनं निरोप धाडला, येते म्हणून. गाडीत चढताना मालक म्हणाले, अगं थांब, अजून बघू, दुसरं कुणी भाडेकरू मिळेल. तिनं मान हलवली. सगळ्यांच्या पाया पडली, पण लांबूनच, पायाला हात न लावता. शेवंताला तिनं भावाच्या शेजारी पुढे बसवलं आणि स्वतः मागे, गाडीच्या टोकाला, पाय खाली सोडून बसली. मला तेव्हाच कळलं ती तशी का बसली. दुसऱ्या कुणाला कळलं नाही.

खोलीची किल्ली ती मालकांकडे ठेवून गेली. पंधरा दिवसांत कदम मिस्त्री आला, अगदीच अडला होता म्हणून. कशाही खोलीत राहू म्हणाला. त्याची बायको भीतभीत उंबऱ्यावर आली. मी तिच्या पदराकडे बघत होते. पदर हलला नाही. ती आत गेली, मध्ये उभी राहिली, म्हणाली, "वहिनी, वाळा घातलाय व्हय तुमी सारवणात? किती गार वाटतंय." मी हो म्हटलं. ते आजही तिथे राहतात. भाडं मालक दर महिन्याला खेडला पाठवतात. ते भाऊच ठेवून घेतो असं ऐकते.

आणि शेवंताची शाळा सुटली. ते होणारच होतं.

मी खेडला गेले ती दोन वर्षांनी. तिच्या भावाकडे कार्य होतं, जाणं भाग होतं. घरात माणसांची गर्दी, जेवणावळी चाललेल्या. सगुणा कुठे दिसेना. शेवंता दिसली, केवढी उंच झालेली, शेणाचे हात. मी विचारलं, आई कुठाय? म्हणाली, गोठ्यात. आई गोठ्यातच असती. मी म्हटलं, जेवायला यायची नाही का? ती पोर माझ्याकडे बघत म्हणाली, "ती मानसांत येत न्हाई, काकी. मलाबी जवळ घेत न्हाई."

मी गोठ्यात गेले. सगुणा गव्हाणीपाशी बसली होती. केस ओले. भावजय सांगत होती, दिवसातून तीनदा अंघोळ करते, विहिरीचं पाणी संपवते, डोक्यावर परिणाम झालाय. मला बघून तिचं तोंड फुललं, अगदी खरंखुरं फुललं, आणि मी पुढे झाले तशी तिनं हात वर केला. "लांबच बसा, जाऊबाई." मी बसले. आमच्यामध्ये एक म्हैस बसेल एवढं अंतर. तिनं मालकांची खुशाली विचारली, माझ्या दोन्ही पोरांची नावं घेऊन विचारलं, कदमीण बरी आहे का विचारलं. माझ्यावर रागाचं एक अक्षर नाही. कशाला असेल? तिच्या लेखी सगळ्या गावात खरं बोलणारी मी एकटी होते.

मग ती जरा पुढे वाकली. म्हणाली, "तुमचं नाक चांगलं. खरं सांगा. आता तरी गेला का?"

तुम्हाला वाटतंय मी सांगितलं. दोन वर्षं रोज हाच प्रसंग मी मनात घोळवला होता, ती विचारते आहे आणि मी सांगते आहे — सगुणा, कधी नव्हताच. शब्द तयार होते. भावजय दारात उभी होती. तिच्या मागे अजून दोघी-तिघी, माझ्याच गावच्या. मी तोंड उघडलं. नव्हताच म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुमी तवा...

मी म्हटलं, "कमी झालाय."

सगुणाचे डोळे भरून आले. तिनं हात जोडले मला. आणि बसल्या जागेवरून माझ्याकडे सरकली — वीतभर. त्याहून जास्त नाही.